वाळलेले दूध आणि जिवंत विरजण

दूध थांबत नाही. ज्वारी थांबते, तूर थांबते, गूळ नीट ठेवला तर पुढच्या हंगामापर्यंत थांबतो. पण पहाटे काढलेल्या दुधाचा चैत्र-वैशाखातल्या धाराशिवच्या उन्हात दुपारपर्यंतही भरवसा धरता येत नाही. शेतमालाला भाव नसला तर शेतकरी तो घरात ठेवून वाट पाहू शकतो. दुधाच्या बाबतीत ती सोय नाही. म्हैस रोज दोन वेळा दूध देते, आणि त्या त्या वेळी त्याचे काहीतरी करावेच लागते. माणसाने दुधाला थांबवण्यासाठी काय काय केले, त्याचा इतिहास आम्हास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे. आणि या इतिहासाच्या टोकाला आज जो एक प्रश्न उभा आहे तोही मांडावयाचा आहे. दूध वाळवून त्याची भुकटी करावी आणि त्या भुकटीत विरजणाचे जंतू मात्र जिवंत राहावेत, हे साधेल काय, आणि साधले तर ते कोणाच्या उपयोगी पडेल, असा तो प्रश्न आहे.

दुधाला थांबवण्याच्या वाटा मुळात दोन. एक आटवण्याची, दुसरी आंबवण्याची. आटवण्यात आपण दुधातले पाणी काढून घेतो. पाणी नाही म्हणजे जंतूंना वाढावयास जागा नाही. आंबवण्यात आपण उलट करतो. चांगल्या जंतूंना मुद्दाम बोलावतो, त्यांना दुधातली साखर खाऊ देतो, आणि त्यांनी केलेल्या आंबटपणामुळे वाईट जंतूंना मज्जाव होतो. पहिल्या वाटेने दूध टिकते, पण त्यातले जंतूही मरतात. दुसऱ्या वाटेने ते जिवंत राहते, पण फार दिवस राहत नाही. दह्याचे आज मधुर, उद्या आंबट आणि परवा टाकाऊ असे व्हावयाचेच. या दोन वाटा हजारो वर्षे समांतर चालल्या. त्यांना एकत्र आणण्याचा खटपटीचा भाग फक्त गेल्या शे-सव्वाशे वर्षांतला आहे.

आमच्या जिल्ह्यात या दोन्ही वाटांच्या खुणा ठसठशीत आहेत. पहिली खूण भूम तालुक्यातली. तेथील कुंथलगिरी हे जैनांचे मोठे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींच्या मोक्षाचे स्थान म्हणून ते पूजिले जाते, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी याच डोंगरावर सल्लेखना घेऊन १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. पण सोलापूर-धुळे रस्त्याने जाणाऱ्या सामान्य प्रवाशाला कुंथलगिरी हे नाव आधी आठवते ते पेढ्यामुळे, आणि पेढ्याच्या मागे असलेल्या खव्यामुळे. भूम, वाशी व आसपासच्या गावांतून घरोघर खव्याच्या भट्ट्या चालत आल्या आहेत. लोखंडी कढईत दूध ओतावयाचे, खाली जाळ लावावयाचा, आणि उलथण्याने तळ खरवडीत एकसारखे घोटत राहावयाचे. हात थांबला की खवा लागला. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटते तेव्हा एक किलोच्या आसपास खवा हाती येतो. पाच लिटरचे ओझे एक किलोवर येते, आणि तासांचे आयुष्य दिवसांवर जाते. या दोन गोष्टींवर एका तालुक्याचा संसार उभा राहिला.

हा धंदा येथेच का रुजला? आमचे अनुमान असे की, याचे उत्तर गवतात जितके आहे तितकेच रस्त्यांतही आहे. बालाघाटच्या या पठारावर पाऊस बेताचा, जमीन बरीचशी हलकी, म्हणजे पिकापेक्षा जनावराचा आधार अधिक. दूध होते, पण घेणारे शहर जवळ नव्हते. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोचली. येडशी, ढोकी या गावांना तिचा लाभ झाला, भूम मात्र बाजूलाच राहिले. त्या काळच्या अरुंद रुळांवरून कच्चे दूध सोलापूर-पुण्यास नेणे ही कल्पनाही कोणी केली नसती. खवा मात्र फडक्यात बांधून, डोक्यावर घेऊन, बैलगाडीतून, पुढे मोटारीतून कोठेही जाऊ शके. या जिल्ह्यातल्याच तेरची गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते हे गाव. तेथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई असे तो लेखक सांगतो. कापड दोन हजार वर्षांपूर्वी येथून समुद्रापर्यंत गेले. दुधाला तो प्रवास करता आला नाही, कारण ते आटवल्याशिवाय गावाची वेससुद्धा ओलांडीत नाही.

खव्याला त्याची मर्यादा आहे. त्यात पाणी उरतेच, बहुधा चौथा भाग किंवा त्याहून थोडे अधिक. म्हणून उन्हाळ्यात तो चार-सहा दिवसांत बुरसतो. आणि कढईतल्या उकळीने दुधातले आम्ल करणारे जंतू मरून गेलेले असतात. नंतर जे येते ते हवेतून येते, आणि ते बुरशीच्या रूपाने येते.

दुसरी वाट विरजणाची. तीही आपल्याकडे फार जुनी. दूध कशाने विरजावे याचा विचार तैत्तिरीय संहितेत यज्ञाच्या निमित्ताने झाला आहे. तेथे काही वनस्पती, झाडाची साल, तांदूळ अशी विरजणाची निरनिराळी द्रव्ये सांगून कोणत्या द्रव्याने लावलेले दही कोणत्या देवतेचे, हे सांगितले आहे. आणि इंद्रासाठी दह्यानेच दही लावावे असा निर्णय दिला आहे. जंतू ही कल्पना त्या काळी नव्हती. पण कालच्या दह्याने आजचे दही लागते आणि ते इतर सगळ्यांपेक्षा सरस लागते, हे निरीक्षण पक्के झालेले होते. आमच्या घरांतल्या बाया आजही तेच करतात. विरजण संपले तर शेजारणीकडून वाटीभर आणावयाचे; ते देण्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही. तुळजापुरात भवानीच्या सिंहासनपूजेत दही लागते. ताक हे तर गरिबाच्या भाकरीचे कोरड्यास.

या दोन वाटांचा मेळ घालण्याची धडपड जुन्या लोकांनीही केली होती, हे मात्र थोडे विसरले गेले आहे. मार्को पोलोने तेराव्या शतकात तार्तार घोडेस्वारांबद्दल लिहून ठेवले आहे की, ते दूध उकळून वरची साय काढून घेत, उरलेले उन्हात वाळवीत, आणि स्वारीवर निघताना प्रत्येकजण काही शेर वाळके दूध बरोबर ठेवी. सकाळी त्यातले थोडे चामड्याच्या बुधल्यात पाण्याबरोबर टाकले की घोड्याच्या चालीने ते आपोआप घुसळले जाई. मध्य आशियातले लोक आंबवलेल्या दुधाचा चक्का करून त्याच्या गोळ्या वाळवितात. त्यास कुरुत म्हणतात. अरब देशांत गव्हाचा रवा आणि दही एकत्र आंबवून वाळविलेला किश्क हिवाळ्यासाठी साठवतात. आणि आपल्याकडे? दह्याताकात भिजवून उन्हात वाळविलेली सांडगी मिरची ही त्याच घराण्यातली. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या त्या मिरच्यांत विरजणाचे किती जंतू तग धरून राहतात हा विचार आजींनी केला नव्हता. पुढे तेलात तळल्यावर तो विचार करण्याचे कारणही उरत नाही. पण पदार्थ आंबवावा आणि मग वाळवावा ही युक्ती आजींची होती, प्रयोगशाळेची नव्हे.

प्रयोगशाळा या गोष्टीत शिरली ती अठराव्या शतकाच्या शेवटी. शीले या स्वीडिश रसायनज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून दुग्धाम्ल वेगळे केले. पाश्चरने १८५७ साली दाखविले की हे आम्ल आपोआप होत नाही, त्यामागे सूक्ष्म जीव असतात. पुढे लिस्टरने १८७८ च्या सुमारास दूध आंबवणारा एक जंतू शुद्ध स्वरूपात वाढविला. शस्त्रक्रियेत जंतूंचा नाश करणारा म्हणून ज्याची कीर्ती, त्यानेच विरजणातला जंतू पहिल्याने एकटा पाहावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

जंतू हा शत्रू, ही भावना युरोपात दृढ होत असतानाच पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एलि मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने उलटा सूर लावला. आतड्यात अन्न कुजल्याने विषे तयार होतात व त्यांनी म्हातारपण लवकर येते, असे त्याचे मत. कुजणे थांबवावयाचे तर आतड्यात आम्ल करणारे जंतू पोचवावेत. म्हणजे आंबट दूध प्यावे. बल्गेरियातले खेडूत दीर्घायुषी असतात आणि ते दही भरपूर खातात, हा त्याचा आधार. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनीव्हात त्या दह्यातला जंतू शोधून काढला होता. मेच्निकॉफला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते दह्यासाठी नव्हे. शरीराच्या रोगप्रतिकारासंबंधीच्या त्याच्या कामासाठी. जगाने मात्र दोन्ही एकत्र केले. युरोपातल्या औषधांच्या दुकानांत आंबट दुधाच्या गोळ्या आणि चूर्णे विकली जाऊ लागली. वाळविलेल्या जिवंत जंतूंचा व्यापार तो हाच. त्या गोळ्यांत जिवंत जंतू किती असत हा प्रश्न त्याच काळी विचारला गेला, आणि तो आजही संपलेला नाही. मेच्निकॉफ स्वतः १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारला. बल्गेरियाचा तो जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करीत नाही, असे पुढे अमेरिकेत येल येथील रेटगर व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले, आणि लक्ष दुसऱ्या जातींकडे वळले. जपानात मिनोरू शिरोता याने १९३० साली आतड्यापर्यंत जिवंत पोचणारी एक जात निवडून वाढविली, आणि १९३५ पासून तिचे पेय 'याकुल्त' या नावाने बाजारात आले. ते पेय भारतात २००८ साली विकावयास आले. त्याच्या आदल्याच वर्षी आणंदच्या अमूलने अशा जंतूंचे आइस्क्रीम काढले होते.

आता दुसऱ्या बाजूची हकीकत. भुकटीच्या पद्धतीचे इंग्रजी पेटंट ग्रिमवेड याने १८५५ साली घेतले; द्रव फवारून वाळविण्याचे अमेरिकन पेटंट सॅम्युएल पर्सी याने १८७२ साली. प्रत्यक्ष धंदा विसाव्या शतकात फोफावला. दुसऱ्या महायुद्धानंतर भुकटीच्या गोण्या जगभर हिंडू लागल्या, आणि युनिसेफच्या दुधाच्या रूपाने त्या आपल्या देशातल्या मुलांपर्यंतही पोचल्या.

पण भुकटी परदेशाची घ्यावयाची आणि दूध आपले नासू द्यावयाचे, ही स्थिती लाजिरवाणी होती. खेडा जिल्ह्यातल्या सहकारी संघाचा अनुभव असा की, हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढे आणि मुंबईची दूध योजना तेवढे उचलीत नसे. वाढलेले दूध ओतावे कोठे? त्याची भुकटी करावी तर युरोपातले तज्ज्ञ म्हणत की, भुकटी गाईच्या दुधाची होते, म्हशीच्या दाट दुधाची होणार नाही. हरिचंद दलाया या तंत्रज्ञाने ते खोटे ठरविले. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या भुकटी कारखान्याचे उद्घाटन झाले. यंत्रांसाठी युनिसेफची मदत होती. कुंथलगिरीच्या डोंगरावर आचार्य शांतिसागरांचे निर्वाण झाले त्यानंतर सहा आठवड्यांनी ही गोष्ट घडली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पण खव्याच्या मुलखातल्या माणसाला १९५५ हे साल दोन्हींसाठी लक्षात ठेवता येईल. १९७० साली दुग्धमहापूर योजना निघाली तीही भुकटीवरच: जागतिक अन्न कार्यक्रमाकडून सव्वा लाख टनांहून थोडी अधिक साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल देणगीदाखल आले, त्यांचे दूध करून मोठ्या शहरांत विकले गेले, आणि त्या पैशातून खेड्यांतल्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या.

हा महापूर मराठवाड्यात गुडघाभरही आला नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण घोट्यापेक्षा फार वर आला असे म्हणणेही खोटे. लातूर वेगळा जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. तोवर उदगीर याच जिल्ह्यात होते. त्या उदगीरात शासनाचा दूध भुकटीचा प्रकल्प चालला आणि पुढे बंद पडला. तो पुन्हा सुरू व्हावा ही मागणी तेथल्या लोकांनी वर्षानुवर्षे केली. दुष्काळी मुलखात भुकटीच्या कारखान्याची अडचण उघड आहे. कारखान्याला रोज सारखे दूध लागते. येथे १९७२ सारखे साल आले की दूध देणारे जनावरच आधी छावणीत किंवा बाजारात जाते. खव्याची भट्टी मात्र दूध नसेल त्या दिवशी थंड राहते आणि तिचे कर्ज वाढत नाही. लहान साधन दुष्काळात वाकते आणि पुन्हा उभे राहते, हे आमचे मत कोणी जुनाट म्हणाले तरी आम्ही सोडणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. भुकटी करताना दूध आधी निर्वातात आटवितात, मग उंच मनोऱ्यात त्याचा बारीक फवारा उडवितात, आणि त्या फवाऱ्याला दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअस उष्णतेची हवा भेटते. एवढ्या आगीत विरजणाचा जंतू कसा वाचावा? तरीही काही वाचतात, आणि का वाचतात हे आपल्या माठावरून समजते. माठाचे पाणी उन्हातही गार राहते, कारण झिरपणारे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. तसाच फवाऱ्याचा थेंब ओला आहे तोवर भोवतालच्या हवेपेक्षा पुष्कळ थंड असतो. धोका शेवटच्या क्षणी आहे. पाणी संपत आले की थेंब तापतो, आणि त्याच वेळी जंतूच्या अंगचे पाणीही जाते. म्हणून आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणाऱ्या हवेची उष्णता अधिक महत्त्वाची. ती कमी ठेवली तर जंतू वाचतात, पण भुकटी ओलसर राहून लवकर बिघडते. ती वाढविली तर भुकटी उत्तम कोरडी होते, पण जंतू मरतात. एवढ्याच चिंचोळ्या जागेत तंत्रज्ञाला वावरावयाचे असते. दुधाचा एक मोठा गुण त्याच्या कामी येतो: दुधातली साखर वाळताना काचेसारखी घट्ट होते आणि जंतूभोवती कवच धरते. ट्रेहॅलोज नावाची आणखी एक साखर हेच काम फार चांगले करते.

दुसरा मार्ग गोठवून वाळविण्याचा. द्रव गोठवावयाचा, निर्वातात ठेवावयाचा, म्हणजे बर्फ न वितळता थेट वाफ होऊन जातो. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव असाच वाळवून आघाडीवर पाठवीत. यात जंतू पुष्कळ जास्त वाचतात, पण खर्च फवाऱ्याच्या कित्येक पट. म्हणून व्यवहारात बहुधा तडजोड करतात: दूध फवारून स्वस्तात वाळवितात, जंतू गोठवून महागात वाळवितात, आणि मागाहून दोन्ही कोरडेच मिसळतात.

काम येथे संपले असते तर बरे होते. पण वाळलेला जंतू हा झोपलेला जंतू असतो, आणि झोपेतही तो मरत असतो. दमट हवा, प्राणवायू आणि उष्णता हे त्याचे तीन वैरी. उदाहरणापुरता एक हिशेब मांडू. एका ग्रॅम भुकटीला एक हजार कोटी जंतू घेऊन आरंभ केला आणि वाळविताना दहांतले नऊ मेले, तर शंभर कोटी उरले. तापलेल्या गोदामात काही महिन्यांत पुन्हा दहांतले नऊ गेले, तर दहा कोटी. आणखी एकदा तसेच झाले तर एक कोटी. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जंतू असावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. तेव्हा कारखान्यातून निघताना जंतू किती होते हे वेष्टनावर वाचून काही कळत नाही. वापरण्याच्या शेवटच्या दिवशी किती उरतील ते छापले पाहिजे. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुकानाचे छप्पर पत्र्याचे असते, तेथे या एका ओळीवर साऱ्या वस्तूचा खरेखोटेपणा ठरतो.

'प्रोबायोटिक' हा शब्दच मुळी नवा. १९६५ साली लिली आणि स्टिलवेल यांनी तो वेगळ्याच अर्थाने वापरला, १९७४ साली पार्करने आणि १९८९ साली फुलरने त्याला आजच्या अर्थाजवळ आणले. नेमकी व्याख्या झाली ती २००१ च्या ऑक्टोबरात, अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरी. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी तेथे तज्ज्ञ जमविले होते, आणि त्यांच्या विषयाच्या नावातच जिवंत दुग्धाम्ल-जंतू असलेल्या दुधाच्या भुकटीचा स्पष्ट उल्लेख होता. पुरेशा संख्येने पोटात गेले असता घेणाऱ्याच्या आरोग्याला हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा त्या व्याख्येचा आशय. त्यातले 'जिवंत', 'पुरेशा' आणि 'हितकर' हे तिन्ही शब्द सिद्ध करावे लागतात. या कसोटीने पाहता आमच्या घरचे दही गुणकारी असूनही प्रोबायोटिक ठरत नाही. कारण त्यात कोणती जात आहे आणि किती आहे हे कोणी मोजलेले नसते. शेजारणीच्या वाटीवर छापील चिठ्ठी नसते.

हितकर आहे काय, याविषयी पुरावा दोन्हीकडे बोलतो. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. एका निवडक जातीचे जंतू, त्यांच्या खाद्यासह, सात दिवस दिल्याने रक्तातला जंतुदोष आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा आकडा थोर आहे. उलट, अमेरिका आणि कॅनडात जुलाब-वांत्या झालेल्या मुलांवर केलेल्या दुसऱ्या जातींच्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ साली प्रसिद्ध झाल्या, त्यांत काहीच लाभ दिसला नाही. २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अकाली जन्मलेल्या बालकांना असे जंतू देण्याविरुद्ध इशारा दिला. म्हणजे एका जातीचा गुण दुसरीला चिकटविता येत नाही, आणि एका गावचे यश दुसऱ्या गावात गृहीत धरता येत नाही.

याहून अवघड गाठ पाण्याची आहे. भुकटी म्हणजे पाणी घालून पिण्याची वस्तू. तान्ह्या मुलांच्या भुकटीत क्वचित घातक जंतू असू शकतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले की ती किमान ७० अंश तापलेल्या पाण्यात कालवावी, मग निववून पाजावी. पण ७० अंशांत आपण एवढ्या कष्टाने वाचविलेले विरजणाचे जंतूही मरतात! कोमट पाण्यात कालवावे तर बाळाला धोका, गरम पाण्यात कालवावे तर खर्च व्यर्थ. टँकरचे पाणी भरून ठेवणाऱ्या गावात हा पेच पुस्तकी राहत नाही. म्हणून आम्हास वाटते की, अशी भुकटी या जिल्ह्यात करावयाचीच असेल तर ती तान्ह्या बाळासाठी करू नये. त्याला आईचे दूध आहे. ती मोठ्या मुलांसाठी करावी, आणि कालवून पिण्यापेक्षा विरजण म्हणून वापरण्यासाठी करावी. उकळून निवविलेल्या दुधात चिमूटभर भुकटी घातली की रात्रीतून ते जंतू पुन्हा कोट्यवधींनी वाढतात. वाळविण्यात मेलेल्यांची भरपाई दूधच करून देते. मग भुकटीत थोडे कमी उरले तरी बिघडत नाही, आणि गोठविण्याच्या महाग यंत्राचीही तितकी निकड राहत नाही. दुष्काळात गावचे दुभते आटले की विरजणही मोडते. ते कोरडे, पुडीत बांधलेले, जातीची आणि संख्येची खात्री असलेले असेल तर अंगणवाडीपर्यंत पोचविता येते.

भूमच्या खवेवाल्यांना भुकटी हा शब्द फारसा आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. भुकटी स्वस्त झाली की तीच कालवून खवा म्हणून खपविणारे निघतात, आणि भट्टीवर घाम गाळणाऱ्याचा भाव पडतो. भुकटीचे ढीग साचले की दुधाचाही भाव पडतो. जुलै २०१८ मध्ये याच कारणाने महाराष्ट्रात दूध रस्त्यावर ओतले गेले आणि सरकारला लिटरला २५ रुपयांचा भाव मान्य करावा लागला. २०२४ साली कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या दृष्टीने नुसते मानाचे पान नाही; कोणता खवा कढईतला आणि कोणता पोत्यातला, हे विचारण्याचा तो हक्क आहे. विरजणाच्या भुकटीचे या खव्याशी भांडण होण्याचे कारण नाही. तिला दूध फार थोडे लागते, आणि ती दुधाची जागा घेत नाही.

भूम तालुक्यात अलीकडे सौर विजेवर चालणारी खव्याची यंत्रेही आली आहेत. सरपण वाचते आणि बायांच्या डोळ्यांतला धूरही. दिवसा कढई तापविणाऱ्या विजेतून एखादी लहान खोली थंड ठेवणे फारसे अवघड नाही. विरजण-भुकटीच्या पहिल्या पुड्या अशा एका खोलीत ठेवाव्यात, तितक्याच पुड्या शेजारच्या पत्र्याच्या दुकानात ठेवाव्यात, आणि चैत्रापासून भाद्रपदापर्यंत दर महिन्याला दोन्हींतल्या एकेका पुडीतले जिवंत जंतू उदगीरच्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयाकडून मोजून घ्यावेत.